सभागृहाची किल्ली कुणाकडे?

छत्रपती संभाजीनगरात कुठल्याही घरी विचारा, रविवारी पोरांना घेऊन कुठे जाता? पटापट नावं येतात. सिद्धार्थ उद्यान, मकबरा, पाणचक्की, प्रोझोन, जरा ऐपत आणि गाडी असेल तर दौलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ. मग विचारा, मंगळवारी संध्याकाळी सहाला कुठे जाता? इथे उत्तर अडखळतं. मुलगा गल्लीत खेळतो, मुलगी घरीच असते, आजोबा कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीवर बसतात, आई स्वयंपाकाला लागलेली असते. चार माणसांच्या घराला, पैसे न मोजता, पायी जाता येईल, तासभर बसता येईल आणि प्रत्येकाला त्याच्या वयाचं काही मिळेल अशी जागा मंगळवारी असते का, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. पर्यटनाची राजधानी म्हणून पाहुण्यांना काय दाखवायचं याची चर्चा शहरात भरपूर होते. इथे राहणाऱ्या घरांनी संध्याकाळ कुठे घालवायची, याची फार होत नाही.

उत्तर तुम्ही कुठल्या भागात राहता त्यावर ठरतं. शहराचे ढोबळमानाने तीन तुकडे आहेत आणि तिन्हींची संध्याकाळ वेगळी.

पहिला तुकडा सिडकोचा. १९७०च्या दशकात शासनाने सिडकोला इथे नवं शहर वसवायला सांगितलं आणि एन-१, एन-२ करत वसाहती उभ्या राहिल्या. घरं लहान, बरीचशी अल्प उत्पन्न गटासाठी, पण आराखड्यात दर काही गल्ल्यांमागे मोकळी जागा, शाळेचा भूखंड, बाजाराचा भूखंड, कुठे सामाजिक सभागृह असं सगळं धरलेलं. एन-८चं बॉटनिकल गार्डन, टीव्ही सेंटरजवळचं स्वामी विवेकानंद उद्यान, एन-५चं संत तुकाराम नाट्यगृह, कॅनॉट प्लेस, ही सगळी त्या आखणीची देणगी. आज पन्नाशीत असलेली सिडकोतली पिढी घरासमोरच्या मैदानावर वाढली, आणि त्या लोकांशी बोलताना त्यांचं त्या मैदानावरचं प्रेम जाणवतं. २००६मध्ये सिडकोने या वसाहती महापालिकेकडे सोपवल्या. रस्ते, दिवे, ड्रेनेजसोबत उद्यानं आणि मोकळ्या जागाही आल्या, पण त्या सांभाळायला माणसं आणि पैसा त्या प्रमाणात आला नाही. मग काही जागांवर मंदिर झालं, काहींवर गाड्या लागू लागल्या, काहींभोवती जाळी बसली आणि फाटकाला कुलूप लागलं.

दुसरा तुकडा गुंठेवारीचा. पुंडलिकनगर, जयभवानीनगर, मुकुंदवाडीच्या आजूबाजूचा पट्टा, मिसारवाडी, नारेगाव. शहरातल्या गुंठेवारी वसाहतींचा आकडा ११८ सांगितला जातो. शेतजमिनीचे वीस बाय तीसचे तुकडे पाडून विकले, घेणाऱ्याने दोन खोल्या बांधल्या, पुढे वर मजला चढवला. २००१च्या गुंठेवारी कायद्याने या घरांना नियमित होण्याची वाट दिली. घर नियमित होतं, पण जिथे मोकळी जागा सोडलेलीच नाही तिथे ती मागाहून कायद्याने तयार होत नाही. रीतसर ले-आउट पाडला तर ठरावीक आकाराच्या वर दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. गुंठेवारीत ते दहा टक्के कुणाच्या तरी घराखाली गेले आहेत. या भागातल्या मुलांचं मैदान म्हणजे वीस फुटी रस्ता. दुचाकी आली की खेळ थांबतो, गेली की सुरू होतो. इथली आई मुलाला बाहेर पाठवते तेव्हा तिचा एक कान सतत बाहेर असतो.

तिसरा तुकडा जुन्या शहराचा, दरवाजांच्या आतला आणि लगतचा. बेगमपुरा, शहागंज, रोशनगेट, गुलमंडी, औरंगपुरा. इथे घरं दाट, गल्ल्या अरुंद, पण शेकडो वर्षांच्या मोठ्या जागा हाकेच्या अंतरावर. शहागंजचं चमन, आमखास मैदान, दिल्ली दरवाजाबाहेरची मोगलकालीन हिमायत बाग. हिमायत बागेत आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, तरी पहाटे फिरायला येणाऱ्यांनी ती आपली मानली आहे. बेगमपुरा आणि पहाडसिंगपुऱ्यातल्या कितीतरी घरांसाठी बीबी का मकबरा हे स्मारक कमी आणि अंगण जास्त. भारतीय पर्यटकांना पंचवीस रुपये तिकीट, पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोफत. डबा घरचा, सावली चिंच-कडुलिंबाची. ईदच्या दुसऱ्या दिवशी, बाशी ईदला, सिद्धार्थ उद्यान, मकबरा आणि खुलताबादचा रस्ता नवे कपडे घातलेल्या कुटुंबांनी भरून जातो. नवरात्रात छावणीतल्या कर्णपुऱ्याच्या यात्रेला तीच गर्दी, पाळणे आणि रेवड्यांभोवती. या दोन गर्द्यांमध्ये बायका मोकळेपणाने रात्री उशिरापर्यंत बाहेर असतात. वर्षातले थोडे दिवस, पण ते पाहिले की कळतं, बायकांना बाहेर यायचं असतं. बाहेर पडण्याजोगी जागा आणि सोबत हवी असते.

रविवारच्या जागांबद्दल थोडक्यात. मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं सिद्धार्थ उद्यान आणि त्यातलं प्राणिसंग्रहालय हे आजही मराठवाड्यातल्या कुटुंबाचं पहिलं सहलीचं ठिकाण आहे. बीड-जालन्याहून दवाखान्यासाठी आलेली घरंसुद्धा परतीची बस पकडण्याआधी मुलांना तिथे वाघ दाखवून आणतात. प्राण्यांना जागा अपुरी पडते म्हणून मिटमिट्याला सफारी पार्क उभारलं जात आहे आणि प्राणी तिकडे हलवायचे आहेत. वाघांसाठी ते निश्चित चांगलं. पण बसस्थानकाला लागून असलेली, कुणालाही परवडणारी जागा शहराबाहेर जाते तेव्हा ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांच्या येण्याजाण्याचं काय, हे त्याच आराखड्यात लिहिलेलं असायला हवं. पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान हा याहून दुखरा विषय. जायकवाडीच्या नाथसागराशेजारी म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेलं हे उद्यान मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलं आहे. रंगीत कारंज्यांसमोर काढलेला एक कुटुंबाचा फोटो इथल्या कितीतरी घरांत सापडेल. ते कोमेजत गेलं तसं लोक हळहळले, कारण ते आपल्या भागाचं, आपल्या धरणाचं होतं. आणि २०१०मध्ये चिकलठाणा एमआयडीसीत प्रोझोन मॉल आला तेव्हा शहराला कळलं की मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या दुपारी गारव्यात चालायला मिळणं हीसुद्धा एक गरज आहे. तिथे काही न घेता दोन तास फिरणाऱ्या कुटुंबांना नावं ठेवू नयेत. त्यांना दुसरीकडे स्वच्छतागृह, सावली, बसायला जागा आणि मुलीला निर्धास्त फिरता येईल असा उजेड एकत्र मिळत नाही, म्हणून ती तिथे जातात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय या शहरातल्या कुटुंबाची संध्याकाळ समजणारच नाही. पाणी. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, १९७५ची सातशे मिलिमीटरची आणि १९९१ची चौदाशे मिलिमीटरची जलवाहिनी, आणि दरम्यान कित्येक पटींनी वाढलेलं शहर. त्यामुळे नळाला चार, सहा, आठ, कधी त्याहून जास्त दिवसांनी पाणी. २०११च्या जनगणनेत शहर पावणेबारा लाखांचं होतं, आज त्याहून बरंच मोठं आहे. पाण्याचा दिवस हा घराचा सगळ्यात मोठा कार्यक्रम असतो. त्या दिवशी आई कुठे जाऊ शकत नाही. बहुतेक वेळा मोठी मुलगीही नाही. पाणी पहाटे तीनला येवो की संध्याकाळी सातला, मोटर लावायची, टाकी, ड्रम, हंडे भरायचे, धुणं काढायचं. योगवर्ग, भजनी मंडळ, पोरीचा नृत्याचा क्लास, सगळ्यांच्या हजेरीपटात पाण्याच्या दिवशीच्या फुल्या सापडतील. बागेचं हिरवंपणही त्याच नळावर टांगलेलं. नव्या योजनेची अडीच हजार मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी पूर्ण क्षमतेने चालू लागेल तेव्हा या शहरातल्या बायकांना आठवड्याचे काही तास परत मिळतील. करमणुकीच्या सोयींवर बोलताना पाण्याला बाजूला ठेवणारा कुठलाही अहवाल मला इथल्या घरांचा वाटत नाही.

आता खुद्द कुटुंबाकडे वळू. सोय करणारे कुटुंब हा एक ग्राहक धरतात. प्रत्यक्षात एका घरात चार-पाच निरनिराळे लोक असतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. तीन वर्षांच्या मुलाला घसरगुंडी हवी, पण ती दुपारी तापलेल्या पत्र्याची नको आणि तिच्याखाली वाळू हवी. दहा वर्षांच्या मुलाला चेंडू मारायला मोकळं मैदान हवं. आजीला पाठ टेकता येईल असा बाक हवा आणि तिथपर्यंत पायऱ्या नकोत. आजोबांना सोबती आणि वर्तमानपत्र. आईला, तिला स्वतःला काय हवं हे विचारलं तर पहिलं उत्तर जवळजवळ नेहमी मुलांबद्दल येतं. दुसऱ्यांदा विचारलं की मग स्वच्छतागृह, दिवे आणि एखादी मैत्रीण, या क्रमाने उत्तर येतं.

या सगळ्यांत सर्वांत दुर्लक्षित बारा ते अठरा वयाची मुलगी आहे. घसरगुंडीसाठी ती मोठी झालेली असते, मैदान मुलांनी व्यापलेलं असतं, ओपन जिमच्या यंत्रांवर पुरुष बसलेले असतात, बाकावर एकटी बसली तर लोक बघतात. ती सातवी-आठवीत जाते आणि बागेत येणं थांबतं. घरात कुणी मनाई केली असेल असंही नाही, तिला तिथे करण्याजोगं काही उरत नाही. सूतगिरणी चौकाजवळच्या विभागीय क्रीडा संकुलात ज्या मुली संध्याकाळी सरावाला येतात त्यांच्याकडे पाहिलं की फरक कळतो. त्यांच्याकडे यायला कारण आहे, ठरलेली वेळ आहे, शिकवणारं माणूस आहे, आणि पायऱ्यांवर बसून वाट पाहणारे आईवडील आहेत. पायऱ्यांवरच्या त्या आयांचाही एक गट होतो. डबे, परीक्षा, सासर-माहेर, भिशी सगळं तिथे बोललं जातं. मुलीच्या खेळामुळे आईला रोजचा तासभर मिळतो. तिकडे शुल्क, किट आणि रिक्षाचं भाडं परवडणाऱ्या घरांपुरतंच हे आहे, एवढी खंत.

मग जवळ काय असतं? बहुतेक वस्त्यांमध्ये एक समाजमंदिर किंवा सांस्कृतिक सभागृह असतं. आमदार निधीतून, खासदार निधीतून, नगरसेवकाच्या वॉर्ड निधीतून बांधलेलं, दर्शनी भागावर नावांची पाटी. इमारत झाली, उद्घाटन झालं, आणि मग पहिल्याच आठवड्यात तो प्रश्न उभा राहतो जो अंदाजपत्रकात कुठेच नसतो: किल्ली कुणाकडे? उघडणार कोण, झाडणार कोण, विजेचं बिल कोण भरणार, माठात पाणी कोण भरणार? उत्तर मिळत नाही म्हणून कुलूप लागतं. मग ते लग्न, बारसं, तेराव्याला आणि निवडणुकीला उघडतं. एप्रिल २०२०मध्ये महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात किल्लीसाठी ज्याच्या दारात जायचं तो माणूसही ठरलेला नव्हता. शहरात जागा कमी आहेत हे खरं आहे, विशेषतः गुंठेवारीत. पण ज्या आहेत त्यांतल्या कितीतरी फक्त एका रोज येणाऱ्या माणसाअभावी बंद आहेत, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे. आपण वास्तूवर खर्च करतो, माणसावर करत नाही. कारंजं, टॉय ट्रेन, पुतळा, ओपन जिम यांना एकदाच निधी लागतो आणि त्याचं उद्घाटन होतं. संध्याकाळी पाच ते आठ हजर राहणाऱ्या ताईच्या पगाराचं उद्घाटन होत नाही.

जिथे ती ताई आहे तिथलं चित्र पाहावं. एन-७मधलं गरवारे कम्युनिटी सेंटर हे या शहरातलं सगळ्यात ठळक उदाहरण. वाळूज आणि चिकलठाण्याला कारखाने असलेल्या गरवारे समूहाच्या आधाराने चाललेलं हे केंद्र. मुलांसाठी बालभवनाचे उपक्रम, सुट्टीतली शिबिरं, स्त्रियांसाठी आणि तरुणांसाठी वर्ग. सिडकोतल्या अनेक घरांत उन्हाळी शिबिर म्हणजे गरवारे, असं समीकरण आहे. इमारत देखणी असेल-नसेल, मुलाला नावाने ओळखणारं कुणीतरी तिथे रोज असतं. पालक मुलाला सोडून निर्धास्त परत जातात ते या माणसाच्या भरवशावर. याच नावाचं थोरलं भावंड पुण्यात सारसबागेसमोर आहे, १९८५पासून चाललेलं गरवारे बालभवन. शोभा भागवत यांनी तिथे दाखवून दिलं की मातीत खेळणं, गाणी, नाटक, चित्रं, भांडणं आणि समेट यांसाठी मुलांना रोज येता येईल असं घर हवं, आणि त्या घरात येणाऱ्या ताई-दादांना प्रशिक्षण हवं. पालकांशी बोलणं हाही त्यांनी केंद्राच्या कामाचाच भाग मानला. मराठवाड्यात असं एकेक केंद्र एका-एका शहराला पुरवून वापरावं लागतं. एन-७ला नारेगावातून मूल पायी येऊ शकत नाही.

दुसरं चित्र वस्त्यांमधल्या बुद्ध विहारांचं. पक्कं बांधकाम, स्वच्छ फरशी, बाबासाहेबांचं आणि बुद्धाचं चित्र, भिंतीशी पुस्तकांचं कपाट. सकाळी अभ्यासिका, संध्याकाळी मुलांचा वर्ग, पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचं वाचन. पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायका वाचन ऐकतात, मग खीर होते, लेकरं अंगणात पळत असतात, आजी पाय पसरून बसते. एका छताखाली एकाच वेळी चार पिढ्या. कुणी याला करमणूक केंद्र म्हणणार नाही, पण कुटुंबाने एकत्र घराबाहेर संध्याकाळ घालवणं हेच असेल तर ते इथे होतं. १९५०मध्ये डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय या शहरात सुरू केलं, नागसेनवनाचा परिसर वाढला, त्यामुळे वस्तीतल्या जागेचा पहिला उपयोग अभ्यासासाठी, हा संस्कार इथे खोल रुजला. विहार उघडतात, कारण त्यांची किल्ली वस्तीतल्याच महिला मंडळाकडे किंवा तरुणांकडे असते. निजामाच्या काळात गश्ती निशान ५३सारख्या हुकमांनी सभा-संमेलनांवर बंधनं आणली तेव्हा मराठवाड्यातली वाचनालयं, गणेशोत्सव आणि आखाडे यांनी लोकांना एकत्र येण्याची जागा दिली होती. आपली जागा आपण उघडी ठेवायची, हे इथल्या लोकांना नवीन नाही.

आणि तिसरं चित्र, ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने लिहायचं आहे, कारण त्याचे पैसे हजारो घरं आधीच भरत आहेत. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्याने जून आणि डिसेंबरची पगारपत्रकं नीट पाहावीत. एमएलडब्ल्यूएफ नावाची एक छोटी कपात असते. वर्षानुवर्षं ती कामगाराकडून बारा रुपये आणि मालकाकडून छत्तीस रुपये अशी होती. २०२४मध्ये ती पंचवीस आणि पंचाहत्तर झाली. हा पैसा १९५३च्या कामगार कल्याण निधी कायद्याखाली महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो. त्यातून राज्यभर कामगार कल्याण केंद्रं चालतात, आणि कायदा कामगाराइतकाच त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा विचार करतो. शिशुमंदिर, शिवणवर्ग, वाचनालय, अभ्यासिका, व्यायामशाळा, कॅरम-टेबल टेनिस, महिलांच्या भजन स्पर्धा, समरगीतं, आणि ती कामगार नाट्यस्पर्धा, जिने गिरणगावापासून मराठवाड्यापर्यंत कितीतरी नट घडवले. महाराष्ट्रात कुटुंबांसाठीचं सार्वजनिक करमणूक केंद्र ही कल्पना कागदावर शोधायची तर ती इथे सापडते, सत्तरहून अधिक वर्षं जुनी आणि कायद्याने बांधलेली.

१९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि पाठोपाठ शेकडो लहान कारखाने आले. बीड, परभणी, हिंगोली, बुलडाण्याहून तरुण जोडपी तिथल्याच बजाजनगर-पंढरपूरच्या एका खोलीत संसार मांडू लागली. गावाकडे ओटा होता, पार होता, देवळाचं अंगण होतं, सासू-जावा होत्या. इथे चार भिंती आणि नवऱ्याची तिन्ही पाळ्यांची ड्युटी. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो म्हणून लहान मुलांना आवाज करू देता येत नाही. त्या खोलीतली बाई मुलांना घेऊन जाईल तरी कुठे? कामगार कल्याण केंद्र नेमकं तिच्यासाठी आहे. पण कारखान्याच्या फाटकावर त्याची माहिती नसते, कंत्राटी कामगाराला आपण पात्र आहोत की नाही हे ठाऊक नसतं, केंद्राची वेळ तिच्या वेळेशी जुळत नाही, आणि ते तिच्या गल्लीपासून दूर असतं. आज वाळूजमधल्या कामगारांपैकी मोठा भाग कंत्राटी आहे. मंडळाने, कामगार संघटनांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी मिळून याच एका गटाच्या नोंदणीची मोहीम घेतली तर नवी इमारत न बांधता कितीतरी घरांची संध्याकाळ बदलेल.

हे स्वप्नरंजन नाही, असं जगात झालेलं आहे. ब्राझीलमध्ये १९४६पासून सेस्क नावाची संस्था आहे. व्यापार-सेवा क्षेत्रातल्या मालकांनी पगारखर्चाच्या दीड टक्का रक्कम तिला द्यायची आणि तिने नोकरदार व त्यांच्या कुटुंबांसाठी खेळ, नाटक, वाचनालय, दंतवैद्य, उपाहारगृह चालवायचं. साओ पाउलोमध्ये तिने पिंपांचा एक जुना कारखाना घेतला. वास्तुरचनाकार लीना बो बार्डी तो पाहायला शनिवारी गेल्या तेव्हा त्या ओसाड शेडमध्ये आसपासची घरं आधीच आलेली होती. मुलं पळत होती, चेंडू खेळला जात होता, आया शेगडीवर काही भाजत होत्या. त्यांनी कारखाना पाडला नाही, जे चाललंय ते तसंच चालू राहील अशी रचना केली. १९८२मध्ये सेस्क पोंपेया उघडलं. आत वाचायला लांबच लांब टेबलं, शेकोटी, फरशीतून वाहणारा पाण्याचा बारीक ओहोळ, आणि कुणी कुणाला “काय काम आहे?” असं विचारत नाही. आपल्या मंडळाचा कायदा आणि सेस्कची रचना यांत तत्त्वाचा फरक फार थोडा आहे. फरक रकमेचा आहे, आणि त्याहून जास्त, लोक तिथे काय करतात हे आधी पाहण्याचा.

दुसरं उदाहरण आपल्या शहराशी थेट जोडलेलं. खाम नदीचं पुनरुज्जीवन २०२१पासून महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक आणि इकोसत्त्व यांनी हाती घेतलं. लोखंडी पुलाजवळ कचऱ्याने भरलेला काठ साफ झाला, झाडं लागली, चालायला वाट झाली. ज्या नदीकडे पाठ फिरवून शहराने नाकाला रुमाल लावला होता तिच्या काठी आता घरं मुलांना घेऊन येतात. डब्ल्यूआरआय या जागतिक संस्थेच्या २०२३-२४च्या शहरांसाठीच्या पुरस्कारात हा प्रकल्प अंतिम फेरीत होता. पुरस्कार मिळाला कोलंबियातल्या बारांकिया शहराला, ‘तोदोस अल पार्के’, म्हणजे सगळे बागेकडे, या उपक्रमासाठी. लोकसंख्येने ते आपल्या शहराच्या आसपासचं. २०११पासून त्यांनी वस्तीवस्तीतल्या पडीक बागा दुरुस्त केल्या, काय हवं हे वस्तीला विचारून, आणि देखभालीची व्यवस्था बांधकामाआधी ठरवून. आज तिथल्या ९३ टक्के घरांना आठ मिनिटं चाललं की हिरवी जागा मिळते. एकच मोठं स्मारकवजा उद्यान करण्याऐवजी त्यांनी आठ मिनिटांचं अंतर मोजलं. मुकुंदवाडीतल्या किंवा मिसारवाडीतल्या एखाद्या दारापासून आठ मिनिटं चालून पाहावं, कुठवर पोचतो ते.

केंद्र शासनाच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. गुंठेवारीत हा आकडा गाठता येणार नाही, हे मान्य करूनच पुढे जावं लागेल. तिथे नव्या जमिनीची वाट पाहत बसण्यापेक्षा असलेल्या जागांचे तास वाढवणं शक्य आहे. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची पटांगणं संध्याकाळी पाचनंतर रिकामी असतात, त्यांना भिंत आहे, नळ आहे, स्वच्छतागृह आहे. शाळा आपलं पटांगण का उघडत नाही याचीही कारणं आहेत, आणि ती खरी आहेत: मोडतोड झाली तर मुख्याध्यापकांना जाब द्यावा लागतो, रात्री दारू पिणारे शिरतात, सकाळी बाटल्या वेचायला शिपायाला लावावं लागतं. म्हणून नुसतं “पटांगणं खुली करा” असं परिपत्रक काढून भागत नाही. जबाबदारी शाळेच्या डोक्यावरून काढून वेगळ्या माणसावर द्यावी लागेल, आणि त्याला पगार द्यावा लागेल. वस्तीतल्या बचत गटांना हे काम देता येईल. बचत गटातल्या बायका शालेय पोषण आहार शिजवतात, हिशेब ठेवतात, वस्तीतलं प्रत्येक मूल ओळखतात. दारूड्याला दारातून परत पाठवायची हिंमतही त्यांच्यात आहे. दोन बायकांना संध्याकाळी पाच ते आठचं मानधन, एक दिवा, एक चेंडूंची जाळी, दोऱ्या, कॅरम, गोष्टींची पुस्तकं. आठवड्यातले दोन दिवस मैदान फक्त मुलींचं. पाण्याचा दिवस सोडून बायकांचा वेळ. ओपन जिमच्या एका संचाच्या किमतीत अशा एका जागेचं निदान काही महिन्यांचं काम चालेल, आणि त्यातून दोन घरांना उत्पन्नही मिळेल.

१९९२मध्ये भारताने बालहक्क करारावर शिक्कामोर्तब केलं. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांतीचा, खेळण्याचा आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क प्रत्येक मुलाला दिलेला आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात तो हक्क शोधायचा तर उद्यान विभागाच्या शीर्षाखाली पाहावं लागतं, आणि तिथे बांधकाम, दुरुस्ती, रोपं, सुरक्षा यांच्या ओळी असतात. मुलांसोबत, बायकांसोबत, म्हाताऱ्यांसोबत काम करणाऱ्या माणसाच्या मानधनाची एक ओळ त्यात वाढवावी, अशी मागणी पुढच्या अंदाजपत्रकाआधी प्रत्येक वॉर्डातून, वस्तीतल्या सभागृहाच्या पत्त्यासह आणि आज त्याची किल्ली कुणाकडे आहे त्या नोंदीसह, लेखी जायला हवी.